अण्णांना अर्धंच सांगितलं

चांदे,
रविवार, १० ऑक्टोबर २०१०

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. अण्णांच्या शेवटच्या महिन्यात मी घरी रिह्याला फिरकले नाही, तुझा राग रास्तच आहे. शेतातला भात निसवला का, लोंब्या आल्या? इथे रविवारी घरमालकही गावाला जातात, दिवसभर बोलायला कुणी नसतं. सकाळी लॅबमध्ये पेशींना खायला घालून आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी, अण्णांना होता तोच. त्यांना रविवार कळत नाही.

अण्णा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "सुनंनं म्हाताऱ्याला उपाशी मारलं." तू वैशालीवहिनीला कासारसाईला माहेरी धाडलंस. मी मूग गिळून बसले. दादा, वहिनीनं नाही रे, मी मारलं.

आषाढात आले होते तेव्हा अण्णांनी विचारलं, "तू तितं करतीस तरी काय?" मी ऐटीत म्हटलं, "पेशी उपाशी ठेवल्या की स्वतःलाच खातात!" तेवढ्यात एसटी आली नि मी पळाले. तसं खाऊनच त्या तग धरतात, हे सांगायचं राहिलं. मायक्रोआरएनए नावाचे इवलेसे रेणू ते खाणं थांबवू शकतात, मग पेशी मरतात का हे आम्ही तपासतो, तेही राहिलं.

श्रावणात त्यांचा फोन आला. "सुजे, गाठीला उपाशी मारतुया! भाकरी मोत्याला घालतो. वैशालीला सांगू नगं." केवढे खूश होते! माझा डोळा मायक्रोस्कोपला. म्हटलं, "हं हं, बरं अण्णा." कानावर पडलं, पण ऐकलं नाही मी. डॉक्टर तर म्हणाले होते, गोळ्या-इंजेक्शनांवर पाच वर्षं सहज काढतील.

वहिनी रोज ऊन ऊन भाकरी वाढत होती. मोत्या कसा गुटगुटीत झालाय, बघ एकदा.

हे पत्र आधी कासारसाईला जाऊन वहिनीला वाचून दाखव. मग आत्याला, चारचौघांत. वहिनीला घरी आण. मला घरात घ्यायचं का, ते तिला ठरवू दे.

उपाशी गौतमाला जिनं खीर दिली, तिचं नाव अण्णांनी हौसेनं मला ठेवलं. आज ते लिहायला हात धजत नाही, पण माझ्याकडे दुसरं नाव नाही.

तुझी,
सुजाता