विमानाच्या काचेचा बदाम

६ फेब्रुवारी, गॉलवे
हृषीकेशला त्याची कंपनी बॉस्टनला पाठवते आहे. ‘लग्न करून बरोबर येतेस का?’ — डब्लिनहून, फोनवर! विचार करून सांगते, म्हटलं. ‘वीस तारखेला व्हिसाचा अर्ज भरायचाय, मॅडम. एकाचा की दोघांचा, एवढंच सांग.’

९ फेब्रुवारी
घरमालकीणबाई नोरा. वय नव्व्याण्णव, माहेर उत्तर आयर्लंडमधलं एनिस्किलन. आज त्यांनी प्रेसमधून — कपाटाला इथे प्रेसच म्हणतात — एक डबी काढली. आत पारदर्शक बदाम, गळ्यात घालायचा. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या गावाजवळ अमेरिकन सैनिक होते. त्यांतल्या रॉय नावाच्या मेकॅनिकने विमानाच्या फुटक्या काचेचा तुकडा कानशीने घासून केलेला. काच म्हणजे खरं तर ॲक्रिलिक. काम सुबक, दोन्ही बाजू अगदी सारख्या.

त्याने लग्नाचं विचारलं. नोराबाई म्हणाल्या, पत्राने कळवते. कळवायला दोन वर्षं लावली! तोवर त्याचं ओहायोत लग्न झालेलं. ‘वरून लग्नाचा फोटो पाठवला मेल्याने! दात मात्र सुरेख होते.’

एप्रिलमध्ये शंभरावा वाढदिवस, तेव्हा बदाम घालायचाय. कडी तुटली आहे. जोडून देते, म्हटलं.

१२ फेब्रुवारी
कडी बसवली. मग हात आपोआप अल्कोहोलच्या वाइपकडे गेला — आमच्या कंपनीत कॅथेटर तपासताना सगळं पुसूनच पुढे जातं. ॲक्रिलिकला अल्कोहोल चालत नाही. नव्यांना हे मीच शिकवते! बघता बघता बदामभर बारीक तडे. ऐंशी वर्षांत साधा ओरखडा नव्हता त्यावर.

१३ फेब्रुवारी
सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी
सांगितलं. कारणासकट.

नोराबाईंनी बदाम खिडकीशी धरला. प्रत्येक तडा चमकत होता. ‘ग्रँड! आता कुठे बघण्यासारखा झाला.’ तिथेच गळ्यात घातला. ‘ओरखडा पडेल म्हणून कधी घातलाच नाही गं. काय शहाणपणा!’

मग एकदम — ‘तुझ्या डब्लिनवाल्याने विचारून किती दिवस झाले?’

‘तुम्हाला कसं कळलं?’

‘भिंती पातळ आहेत, पोरी.’

‘नऊ.’

‘दात कसे आहेत?’

‘पुढचा एक वाकडा आहे.’

‘मग हा काही फोटो पाठवायचा नाही!’

बऱ्याच दिवसांनी इतकी हसले.

१६ फेब्रुवारी
फोन केला. ‘दोघांचा,’ म्हटलं. पलीकडून ‘दोघांचा! दोघांचा!’ चालूच. किती वेळा? नक्की आकडा नाही. मोजायचं राहून गेलं.