सगळ्यांचे हात वर

४ जून

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं जोडता, म्हणून पत्रच लिहिते. बाबा बरे आहेत. हातांचा कंप थोडा वाढलाय, त्यामुळे चहाचा कप मी अर्धाच भरते आणि ते दोनदा मागतात. तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत, नेहमीसारखेच माझ्यामार्फत. सख्खे भाऊ तुम्ही, पण अठरा वर्षांत एकमेकांना एक ओळ लिहिली नाहीत. मी आपली तुमची टपालपेटी.

आता मुद्द्याचं. मालकांनी कारखान्यासाठी शिड्या तपासायचं यंत्र घेतलंय, पंधरा जुलैला येईल. वजनमामांचं काय करायचं ते मात्र त्यांनी आमच्यावर सोडलं. मामा तुम्हाला माहीतच आहेत. तयार झालेल्या प्रत्येक शिडीवर ते स्वतः चढतात, तिसऱ्या पायरीवर दोनदा उडी मारतात आणि कान देऊन ऐकतात. शिडी कुरकुरली की परत. सोमवारच्या बैठकीत मी विषय मांडला, की मामांना गोदामात बसवावं. तुम्ही फोरमन असताना घालून दिलेला नियम अजून चालू आहे: सगळ्यांचे हात वर आल्याशिवाय निर्णय नाही. आता मी फोरमन, म्हणून आधी माझा हात वर गेला. मग वेल्डरचा, रंगाऱ्याचा, असे एकेक करत सातही गेले. सातवा खुद्द मामांचा. हात खाली घेऊन ते उठले आणि राहिलेल्या शिड्या तपासायला निघून गेले.

तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. काका, मला स्वतःला ते नको होतं. मग मी हात का वर केला? मालकांना हेच हवं असेल आणि बाकीच्यांना पटलेलं असेल, असं वाटलं म्हणून. आता काय करू ते सांगा.

तुमची,
खारू

१२ जून

चि. खारूस,
अ. उ. आ.

लहानपणी तू कारखान्यातल्या शिड्यांवर सरसर चढायचीस आणि वर गेलीस की रडायचीस. अजून तेच चाललंय. फोरमन झालीस, आता वर जाऊन रडू नकोस.

ठरलेलं उकरून काढू नये. माझ्या सगळ्या कारकिर्दीत त्या टेबलावर एकही हात खाली राहिला नाही, याचा मला अभिमान आहे. शेजारच्या कारखान्यात रोज डोकी फुटायची, आपल्याकडे कधी आवाज चढला नाही. दादांचंच घे. बिजागऱ्यांना रिबिट मारताना त्यांचे हात थरथरायला लागले, दोन-चार रिबिटं वाकडी गेली. त्यांना फाटकावर बसवायचा विषय मलाच मांडावा लागला, सख्ख्या थोरल्या भावाचा. मनावर दगड ठेवला. पण सातही हात वर आले आणि सगळ्यात आधी दादांचा. निर्णय एकट्या माझा नव्हता, म्हणूनच मला आजही शांत झोप लागते.

मामांना गोदामात पंखा दे आणि बरी खुर्ची दे. दादांना नमस्कार सांग. माझे गुडघे कुरकुरतात, मामांनी पाहिलं तर मला परत पाठवतील.

तुझा,
काका

२१ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. रागावलात तरी चालेल, आधी पुरतं वाचा.

मी एकेकाला त्याच्या कामाच्या जागी गाठून विचारलं. वेल्डर म्हणाला, तुम्ही फोरमन, तुमचा हात आधी वर गेला, मग मी कोण आडवा येणार. रंगाऱ्यानं वेल्डरकडे पाहून हात वर केला होता. रिबिटवाली म्हणाली, मामा स्वतः गप्प बसलेत म्हणजे त्यांना चालत असेल. मामांना विचारलं तेव्हा ते शिडी पुसत होते. म्हणाले, पोरी, सगळ्यांसमोर तुझा शब्द खाली पडू नये म्हणून हात वर केला. काका, मला तिथेच रडू आलं. वर नव्हते चढले, जमिनीवरच होते.

काल पुन्हा बैठक घेतली. या वेळी हात नाहीत. प्रत्येकानं आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं आणि घडी करून डब्यात टाकायचं. पाच चिठ्ठ्यांवर ‘गोदाम नको’, एकीवर ‘हो’, आणि एकीवर ‘सगळे म्हणतील तसं’. ती वाचल्यावर सगळे इतके हसलो, की ज्यानं लिहिली तोही हसलाच असणार. कोणाची ते विचारलं नाही. मग मात्र लोक बोलायला लागले ते थांबेनात. शेवटी ठरलं, की लहान शिड्या यंत्राकडे, उंच शिड्या मामांकडे, आणि यंत्रही मामांनीच शिकायचं. यंत्राला नीट ऐकू येतं का ते आपण आधी बघू, असं मामा म्हणाले.

हे सगळं मी घरी बाबांना सांगितलं. त्यांनी चिठ्ठ्यांचा भाग दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, आमच्या वेळी चिठ्ठ्या नव्हत्या. एवढंच बोलून आत जाऊन पडले. हे तुम्हाला लिहावं की नाही, कळत नव्हतं. पण तुमच्यापासून लपवणंही बरं वाटेना.

तुमची,
खारू

२९ जून

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राचा राग आला. कालची पोरगी मला माझा नियम शिकवते, असं वाटलं. दोन दिवस धुमसत होतो. माझी लेक म्हणाली, बाबा, जेवणावर कशाला राग काढता.

खरं लिहितो. शांत झोप लागते असं मी लिहिलं, ते खोटं होतं. त्या दिवशी विषय मांडून मी टेबलाकडे बघत बसलो. मनात एकच होतं, की एक तरी हात खाली राहू दे. राहिला असता तर विषय तिथेच गुंडाळला असता. मी स्वतः नको म्हणालो असतो तर लोक म्हणाले असते, भावाला पाठीशी घालतो. वर पाहिलं तर पहिला हात दादांचाच. मला वाटलं, दादाच कामाला कंटाळलेत. पुढे कधी विचारायचा धीर झाला नाही, कारण ते नाही म्हणाले असते तर मी काय करणार होतो?

दादांना हे सांगू नकोस. किंवा सांग. आयुष्यभर लोकांचे निर्णय घेतले, पण एवढं मला ठरवता येत नाही.

तुझा,
काका

६ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वाचताना त्रास होईल. पोर म्हणाली, सांगा, मी लिहून देते. मी नको म्हटलं. तिनं तुझं पत्र माझ्या हातात दिलं, आणि बरं केलं.

विषय मांडताना तुझा आवाज फुटत नव्हता. मला वाटलं, मी जावं असं तुला वाटतंय पण सांगायला जड जातंय, तर आपणच सोपं करावं. म्हणून हात आधी वर केला. मला जायचं होतं असं तू धरून चाललास, आणि मी तुला नको होतो असं मी. भले शहाणे आपण दोघं.

रिबिटं वाकडी जात होती, हे खरं आहे. त्यात तुझा दोष नाही. फाटकावरची सहा वर्षंही काही वाईट गेली नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा व्हायच्या. पण रोज सकाळी तू आत जाताना नुसती मान हलवायचास, थांबायचा नाहीस. मला वाटायचं, धाकट्याला आता माझी लाज वाटते. ते मात्र फार लागलं रे.

आता पुढचं. पोर म्हणते, काकांच्या गुडघ्यांना प्रवास झेपायचा नाही. तुझी लेक तिला फोनवर म्हणाली, थोरल्या काकांची तब्येत बरी नसते, त्यात पाहुणा कशाला. दोघींनी आपलं परस्पर ठरवून टाकलंय. मला कोणी विचारलेलं नाही, म्हणून आपणहून सांगतो. तू इथे यावंस असं मला वाटतं. आणि आलास तर लगेच निघायचं नाही, महिनाभर तरी राहायचं.

लोभ आहे तो पत्रातून वाढवायचे दिवस आता आपले राहिले नाहीत. तुला यायचं नसेल तर तसं लिही. मला वाईट वाटेल म्हणून हो म्हणू नकोस.

तुझा,
दादा