त्यानं पुसलेला प्रोग्रॅम

बुधवार, संध्याकाळ

आज माझा सी लँग्वेजमधला पहिला प्रोग्रॅम चालला. एक ते पन्नासमधल्या मूळ संख्या शोधायचा, क्लासमध्ये मॅडमनी दिलेला. आधी नऊला दोनानं भाग जात नाही एवढंच बघून तो नऊला मूळ संख्या ठरवून मोकळा व्हायचा. लूपमधली अट कुठं चुकते ते दुपारभर डोकं खाऊन मीच शोधलं.

अभिजित ऑफिसातून आल्या आल्या त्याला दाखवला. नवरा कंप्युटर इंजिनिअर, वाटलं खूश होईल.

"अगं, एवढं लांबडं कोण लिहितंय व्हय?" म्हणाला, आणि सगळं पुसलं. विचारलंसुद्धा नाही. उभ्याउभ्याच निम्म्या ओळींत नवा लिहिला. उत्तर तेच आलं. मग माझा पुसला कशाला?

सासूबाईंनी आतून विचारलं, "जमलं काय गं?"

मी बोलायच्या आत तोच म्हणाला, "व्हय, दिला करून."

मी म्हटलं, "माझा चालत होता."

"मदतच केली की! रागवायला काय झालं?"

खरंच, काय झालं? त्याचा चांगलाच होता. ते कळण्याइतकं सी मला येतं.

तो आंघोळीला गेल्यावर त्याचा प्रोग्रॅम मी पुसून टाकला. उद्या क्लासमध्ये मॅडमना दाखवायला काहीच नाही. नसू दे.