कप्तानाच्या कानातली चांदी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (म्हणजे आठांपैकी जी अंगं अजून वाकतात तेवढ्यांनी, बाकीची मनातल्या मनात वाकली असं समज.) तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि गॅलरीतला तो आडमुठा वेल, तिघांची खुशाली कळव. इकडे सगळं ठीक. हे निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी चिकटवतात आणि मग चिठ्ठी वाचायला चष्मा शोधत फिरतात. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. अगं, तू फोन उचलत नाहीस. परवा चुकून उचललास, तेव्हा मी रडत रडत काही सांगत होते आणि तू आपली म्हणत होतीस, बरं झालं, बरं झालं. ताई, आपला कप्तान गेला, हे सांगत होते मी.

या खेपेला खरोखरचा गेला. मालिकेत अधूनमधून जायचा आणि पुढच्या शनिवारी परत यायचा, तसा नाही. सकाळच्या बातम्यांत खालच्या पट्टीवर त्याचं नाव डावीकडे सरकत गेलं आणि त्याच्या मागोमाग हवामान आलं. मी हातात अर्धी सोललेली मटारची शेंग घेऊन तशीच उभी. ह्यांनी विचारलं, नात्यातलं कोणी का? नाही म्हणवेना. हो म्हणावं तर कोणत्या बाजूचं, हे सांगावं लागलं असतं.

मग दिवसभर मी इथे नव्हतेच. मशीनमावशीच्या खोलीत होते. गल्लीतला पहिला टीव्ही त्या शिवणवाल्या मावशीकडे आला, आणि आपण दोघी तिच्या चिंध्यांच्या ढिगावर, जणू ढगावर, बसून अंतराळात जायचो. तिने आपल्याला कधी हाकललं नाही, पण शिलाई मशीनही कधी थांबवलं नाही. शाळेचे गणवेश वेळेत द्यायचे असत; तारे काय, थांबले असते. त्या खडखडाटात आपला कप्तान एकटाच अंतराळातले विझलेले दीपस्तंभ दुरुस्त करत हिंडायचा. प्रत्येक दिव्यापाशी पोचला की अंधारात वाकून काहीतरी बोलायचा आणि थांबायचा. उत्तर येईपर्यंत हलायचा नाही. काय बोलायचा ते मशीनमुळे ऐकूच यायचं नाही. तूच एकदा त्याचे ओठ वाचलेस आणि माझ्या कानाशी लागून सांगितलंस: 'मी ऐकतोय. सावकाश सांगा.' आपल्या घरात असं कोणी कोणाला म्हणत नसे. आपल्याकडे 'थोडक्यात सांग' असायचं. त्यानंतर त्याचं प्रत्येक वाक्य तू माझ्या कानात बोललीस, त्यामुळे त्याचा आवाज म्हणजे तुझाच आवाज असं माझं पक्कं झालं. पुढे कितीतरी वर्षांनी त्याचा खरा आवाज ऐकला, तेव्हा कोणीतरी त्याची नक्कल करतंय असं वाटलं.

आणि त्याच्या कानामागची ती चांदीची चकती. तू चॉकलेटच्या कागदाची आणि केसांच्या पिनेची तशीच केलीस आणि थेट शाळेच्या प्रार्थनेला घालून गेलीस. सिस्टरने काढ म्हटलं. तू अत्यंत शुद्ध इंग्रजीत सांगितलंस की काढली तर जहाजाशी संपर्क तुटेल. (सिस्टर व्याकरणाबद्दल खूश झाली असणार, पण तसं दाखवलं नाही.) आठवडाभर तुला वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं केलं होतं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने तुझ्यासमोरून इतक्यांदा गेले की माझ्या पोटाची चौकशी झाली. प्रत्येक वेळी तू नुसते ओठ हलवायचीस. मला नीट ऐकू यायचं.

संध्याकाळी त्याची जुनी मुलाखत दाखवली. खुर्चीत, पांघरूण गुडघ्यावर, इतका बारीक झालेला की डोळेच तेवढे ओळखू आले. मुलाखत घेणारा ओरडून ओरडून विचारत होता. तेव्हा त्याने कानामागे बोट नेलं. तिथे ऐकायचं मशीन होतं, खरं, आपल्या आसपासची माणसं लावतात तसलं. ते जरा सारखं केलं, हसला, आणि तेच वाक्य बोलला. या खोलीत शिलाई मशीन नव्हतं. तरी मी ते त्याच्या ओठांवरूनच वाचलं. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला आठवण झाली ती तुझी. दाराची घंटा वाजते आणि आई शेजारी बसून वेल निरखत असते, हे तुझ्या लेकाने मला मागेच सांगितलं होतं. तू म्हणतेस, मला सगळं ऐकू येतं, हल्ली लोकच पुटपुटतात. समोरासमोर कोणाला पत्ता लागत नाही, कारण ओठ वाचायला तू कप्तानाकडून शिकलीस. फोनला ओठ नसतात, तिथे पकडली गेलीस. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, यातलं पहिलं अर्धं तू सोडूनच दिलंस.

तेव्हा तुझ्यासाठी मशीन आणावं म्हणून मी कान तपासायच्या दवाखान्यात गेले. तिथली मुलगी म्हणाली, ज्याचा कान त्याची तपासणी, माणूस हवं. मी म्हटलं, मीच ती. (पूर्ण खोटं नाही, रक्त एकच आहे.) तिने मला एका गुबगुबीत भिंतींच्या खोलीत बसवलं, कानांवर झाकणं घातली, हातात बटण दिलं, जाड दार लावलं आणि स्वतः काचेपलीकडे बसून खुंट्या फिरवू लागली. आवाज आला की बटण दाबायचं. मी ठरवलं होतं की जाड आवाजांना दाबायचं आणि बारीक सोडून द्यायचे, म्हणजे तुझा कान तयार. पण ताई, ते दार लागलं आणि मी जहाजात होते. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मग फार लांबून एक आवाज यायचा, दिवा लागल्यासारखा, आणि विझायचा. दुसरा त्याहून लांब. पुढचे मी ऐकले की आठवले, सांगता येत नाही. वाटलं, तो तिथेच कुठेतरी वाकून थांबला असेल, आणि या वेळी उत्तर आपण द्यायचं आहे. लबाडी करायची विसरले आणि बटणही विसरले. काचेवर टकटक झाली. मुलीचे ओठ विचारत होते, काकू, झोपलात का?

मग मी सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. म्हणाली, आता पुन्हा बसा, खरं खरं. मी परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसले, एक आवाज सुटू दिला नाही. तिने दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले आणि बोट फिरवून दाखवलं; दोन्ही रेघा सारख्याच खाली उतरत होत्या.

"काकू," ती म्हणाली, "पहिल्यांदाही तुम्ही काही खोटं केलं नव्हतंत."

म्हणजे गेलं वर्षभर मी जगाला सांगत होते की ताई हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते, आणि तू तुझ्या लेकाला सांगत होतीस की मावशी पुटपुटते. दोघी एकमेकींना हं हं म्हणत राहिलो. त्यातलं किती वाटेतच विझलं, कोण जाणे. कप्तान गेला त्याहून मला याचीच जास्त धास्ती वाटली.

भाऊजींना नमस्कार, वेलाला दोन शब्द सुनाव.

तुझी,
धाकटी

ता. क. मी माझं मशीन घेतलं. पहिल्याच दिवशी नळ, घड्याळ, पाखरं आणि ह्यांची पुटपूट ऐकू आली. पुटपुटीत माझ्याविषयी बरंच होतं. हल्ली हे गच्चीवर जाऊन पुटपुटतात.

आणखी ता. क. त्या मुलीने मंगळवारची दुपार तुझ्यासाठी ठेवली आहे. काचेपलीकडे मी बसेन. एकदा काढायचं नाही म्हणून आठवडाभर व्हरांड्यात उभी राहिलीस. आता घालायचं नाही म्हणून उभी राहू नकोस. गुडघा दुखेल.

शेवटचा ता. क. बातम्यांत म्हणाले की एक आवाज कायमचा हरपला. त्यांना काय माहीत, तो तुझ्याकडे आहे. पत्र पोचलं की फोन कर. काहीही बोल. मी ऐकतेय. सावकाश सांग. (फक्त मी रडले तर या वेळी 'बरं झालं' म्हणू नकोस.)