बेगमचं वजन

२१ डिसेंबर, रवि.
स. ७. बेगमची शुगर ४०२. एक युनिट दिलं. सुईला मांजर काही म्हणत नाही, शुगर बघायला कान टोचला की मात्र शिव्या घालतं. आज सातवा दिवस. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "दीड करा. आणि सिस्टर, मला विचारल्याशिवाय डोसला हात लावायचा नाही. वाढवायचा तर आठवड्याला अर्धा." तीस वर्षं वॉर्डात इन्सुलिन टोचून रिटायर झाले, आणि हा मुलगा मला शिकवतोय. बरं बाबा.

वजन: हे तिला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहिले, ७०.९. तिला खाली सोडून एकटे, ६६.८. बेगम ४.१. माझ्या हातात ती आता थांबत नाही. सुईवाली बाई मी.

२४ डिसेंबर
दूध बंद, भात बंद, बिस्किट बंद. उकडलेलं चिकन मोजून, दोन वेळा, सुईच्या आधी. तसा कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. हे वाचत उभे राहिले. "माझ्यासाठी पण लाव एखादा," म्हणाले. म्हटलं, तुम्हाला कशाला, तुम्हाला शुगर नाही, तुम्ही खा.

स. ४१०, सं. ३७९.

२८ डिसेंबर, रवि.
३८८. डॉक्टर म्हणाले, दोन करा. केलं.

३१ डिसेंबर
प्रज्ञाचा पुण्याहून फोन. जय भीम झालं की पहिला प्रश्न, "आई, एका मांजरासाठी तू लेकीकडं चार दिवस येत नाहीस?" तिला काय सांगू. सकाळी सात, संध्याकाळी सात. सुई देणार कोण? तिच्या पप्पांना दुसऱ्याला टोचलेलं बघवत नाही. बेगमला धरतात, पण तोंड भिंतीकडं.

मांजर त्यांचंच. चितेगावच्या कंपनीच्या गेटपाशी सापडलं होतं, डब्याच्या पिशवीत घालून आणलं. तेव्हा मी आठ दिवस बोलले नव्हते.

४ जाने., रवि.
३९५. आकडा हलायला तयार नाही. दोघं ६९.३, हे एकटे ६५.२, बेगम ४.१. शुगर इतकी चढलेली आणि वजन मात्र टिकून, हे गणित मला सुटत नाही. इन्सुलिनची बाटली खराब म्हणावी तर फ्रिजच्या दारात नीट आहे, हलवत नाही, तळहातात हळू फिरवते. नवी बाटली आणून बघितली. तेच.

७ जाने.
डॉक्टरांना न विचारता अडीच केलं. दहा दिवस झाले, ते दोनवरच अडून आहेत. पण रोज चारशे चारशे लिहायचं तरी किती? माणूस असता तर केव्हाच वाढवलं असतं.

१२ जाने.
स. ३८१. तीन केलं. हे बेगमला धरून बसले होते. "डॉक्टरला विचारलं का, सिस्टर?" घरात मला सिस्टर म्हणतात, चिडवायला. मी म्हटलं, तुम्ही तिला नीट धरा.  त्यांना काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण मी सुई भरत होते.

१८ जाने., रवि.
६७.८, ६३.६. बेगम ४.२. वाढतंय, चांगलं आहे. शुगर ३६४, म्हणजे चांगलं नाही.

२३ जाने.
थंडी जाईना. हे दिवसभर स्वेटर आणि कानटोपी. दुपारचं ताट घेऊन गच्चीवर उन्हात बसतात, बेगम मागोमाग. मला गुडघ्यामुळं जिना नको वाटतो. खाली एकटीच जेवते, बातम्या लावून. ताट घासायला येतं ते चकचकीत. मला बरं वाटतं, निदान एक जण तरी वेळेवर पोटभर खातंय.

आज आकडे लिहिताना वाटलं, हे सगळं कशासाठी करतेय? तेरा वर्षांचं मांजर. वॉर्डात माणसं गेली तेव्हा घरी येऊन जेवले मी. हिच्यासाठी मात्र घास उतरत नाही. म्हातारी झाले.

१ फेब्रु., रवि.
पौर्णिमा. पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आले. वंदना चालू असताना डोक्यात तीन की साडेतीन. लाज वाटली.

६६.३, ६२.०, बेगम ४.३. शुगर ३५२.

४ फेब्रु.
हे सकाळच्या एस्टीनं फर्दापूरला गेले. कमलताईंच्या, म्हणजे ह्यांच्या बहिणीच्या, नातीचं लग्न. मला जायचं होतं, पण सुई. जाताना दारात उभं राहून म्हणाले, "दोन दिस तिला जरा जास्त घाल." मी म्हटलं, कागदावर लिहिलंय तेवढंच घालणार. चप्पल घालून पुन्हा थांबले. मग गेले.

५ फेब्रु.
स. ७. शुगर १३८! दोन वेळा टोचून बघितलं. १३८, १४१. पावणेदोन महिने डोकं फोडलं त्याचं फळ. तीन युनिट दिलं आणि स्वतःसाठी आल्याचा चहा केला.

हे वरचं सकाळी लिहिलं. खोडणार नाही. राहू दे.

अकराला बेगम वॉशिंग मशीनच्या मागं सापडली. चालता येईना, मागचे पाय दारूड्यासारखे. उचललं तर आकडीच आली. कान टोचला, ३४.  हिरड्यांना ग्लुकोज चोळलं, टॉवेलात गुंडाळलं, रिक्षा. रिक्षावाला आरशातून बघत होता. "अम्मा, बच्चा है क्या?" मी हो म्हटलं.

डॉक्टरांनी सलाइन लावलं. मग माझ्याकडं वळले. "१३८ ला तीन युनिट? तीन सांगितलं कुणी तुम्हाला?"
"मी दोनवर ठेवलं होतं, सिस्टर."
एखाद्या शिकाऊ पोरीनं असं केलं असतं तर मी तिला वॉर्डाबाहेर काढलं असतं. नंतर त्यांनी विचारलं, खाण्यात काय बदललं? म्हटलं, काही नाही, रोजचंच. "काहीतरी बदललंय," ते म्हणाले. आज तिला तिथंच ठेवलं.

६ फेब्रु.
बेगम घरी. आज सुई नाही, उद्यापासून पुन्हा एक युनिट. नुसती पडून होती. दुपारी एक वाजता उठली आणि लटपटत जिना चढायला लागली. गुडघा धरत मी मागं. ह्यांच्या खुर्चीसमोर जाऊन बसली आणि ओरडायला लागली, खायला मागताना ओरडते तशी. खुर्ची रिकामी. खुर्चीखाली स्टीलची वाटी, तळाला दूध वाळलेलं आणि भाकरीचा चुरा, मुंग्या लागलेल्या.

सगळा उलगडा झाला. रोज दुपारी दुधात कुस्करलेली भाकर खात होती ती. मी खाली सुई वाढवत होते आणि हे वर वाटी सरकवत होते. हे गेले, वाटी बंद झाली, आणि तीन युनिट तिच्या अंगावर आलं.

संध्याकाळी कमलताईंचा फोन. वहिनी, जय भीम, लग्न छान झालं. मग म्हणाल्या, "दादा लई वाळला वो. नुस्तं वरणाचं पाणी पितोय, पोळीला शिवला नाय. डोळे बघा त्याचे." मी म्हटलं, रिटायर झाल्यावर माणूस उतरतोच, उद्या लवकरच्या गाडीला बसवा त्यांना. मला जाब विचारायचा होता.

७ फेब्रु.
हे आले. पिशवी खाली ठेवू दिली, एवढंच. वाटी पुढं केली.
"किती दिवसांपासून?"
"झाले असतील दोन महिने."
"कागद वाचला होता ना?"
"व्हय."
"मग?"
"मला भूक नव्हती. तिला व्हती."
मी जे बोलले ते लिहीत नाही. मारून टाकलं असतंत तुम्ही तिला, इथपर्यंत बोलले. तीन युनिट माझ्या हातानं दिलं ते सोयीनं विसरून.  हे स्वेटर न काढता पलंगावर बसून राहिले. बेगम त्यांच्या मांडीवर.

८ फेब्रु., रवि.
वजन. बोलणं बंद होतं तरी हे तिला घेऊन काट्यावर उभे राहिले. ६५.२. एकटे ६१.०. बेगम ४.२. लिहिलं.

या दिवसांत बेगम किती उतरली ते बघायला वहीची मागची पानं काढली. डिसेंबरपासून. ४.१, ४.१, ४.२, ४.३. आणि तिच्या शेजारी, माझ्याच अक्षरात, ६६.८, ६५.२, ६३.६, ६२.०, ६१.०.

वजा करायला म्हणून लिहिलेला आकडा. दर वेळी लिहिला, वजा केला, पुढं गेले. सात आठवड्यांत जवळजवळ सहा किलो. वॉर्डात कुणाच्या चार्टवर असं दिसलं असतं तर मी धावत डॉक्टरांकडं गेले असते.

स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर आले आणि म्हटलं, स्वेटर काढा. त्यांनी काढला. गळ्याखालची हाडं. रात्रंदिवस एका घरात राहते मी ह्या माणसाबरोबर.

"भूक नव्हती की गिळता येत नव्हतं?" मी विचारलं.
त्यांनी स्वेटर मांडीवर घडी करून ठेवला. मग छातीच्या मधे बोट ठेवून दाखवलं. "हितं अडकतं. दिवाळीपासून. आधी भाकर अडकायची, आता पोळी बी. पाणी जातं."

९ फेब्रु.
काल लिहवलं नाही पुढचं.

का लपवलं, विचारलं. म्हणाले, "तुला कळलं असतं तर तू नेलं असतं."
नेलंच असतं.
"कंपनीतला तो मुकादम आठवतो का तुला, पोटात नळी टाकलेला? मी त्याला बघायला जायचो. त्याची बायको आमटी करून वाटी त्याच्या नाकाखाली धरायची, नुसत्या वासाला. मला तसं नगं व्हतं." मग म्हणाले, "ताट तसंच खाली गेलं असतं तर तू इचारलं असतं. बेगम खायची. उरलेलं पाखरांना. ती मन लावून खायची, मला बी जेवल्यागत वाटायचं."

तीस वर्षं पाळीत जागं राहायला तंबाखू खाल्ली ह्यांनी. सोडून दोन वर्षं झाली. सोडली तेव्हा मी कॉलनीत सांगत फिरले होते.

राग आहे अजून. कुणावर, ते ठरत नाही. प्रज्ञाला फोन केला. ती रडली, मग माझ्यावर ओरडली, "आई, तू नर्स आहेस ना?" बरोबर बोलली.

१२ फेब्रु.
दुर्बिणीची तपासणी. मी बाहेर बाकावर. किती नातेवाइकांना अशा बाकावर बसवून ठेवलं असेल मी, आणि पाणी तरी विचारलं असेल का, आठवत नाही.

डॉक्टर बाहेर आले. अन्ननलिका एका जागी आवळलीय, तुकडा तपासायला घेतलाय, आठ दिवसांनी रिपोर्ट. एवढं सांगून विचारलं, "घरी अजून कोण असतं? मुलगी कुठं असते?" डॉक्टर हे कधी विचारतात ते मला माहीत आहे. मी नीट उत्तर दिलं. पुण्याला असते, म्हटलं, येतेय.

ह्यांना रिक्षात सांगितलं, आवळलंय जरा. "जरा?" म्हणाले. मी बाहेर बघत बसले. मुकुंदवाडीचं फाटक बंद होतं, मालगाडी संपता संपेना.

१५ फेब्रु., रवि.
स. १९६, सं. १८८. एक युनिट, दोन वेळा. काल १७९. बेगमचे डॉक्टर फोनवर खूश, "बघा, एकावरच आली." शुगर जागेवर कशामुळं आली, ते मला लिहावंसं वाटत नाही.

ह्यांना पेज, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून. वरणाचं पाणी. नाचणीची खीर पातळ करून. अर्धी वाटी जाते, मग हात वर करतात. मी समोरून उठत नाही. आता दोघंही गच्चीवरच बसतो, जिना चढते मी, गुडघा गेला खड्ड्यात. बेगम येते, वाटीकडं बघते, ह्यांच्याकडं बघते. आज त्यांनी मला विचारलं, "बोटभर देऊ का तिला?" मी नाही म्हटलं. मग दहा मिनिटांनी म्हटलं, द्या.

१७ फेब्रु.
प्रज्ञा आली. तिनं बेगमला सुई द्यायला शिकून घेतलं, डोळे मिटून नाही, उघडे ठेवून. मी फक्त शेजारी उभी होते. कातडी चिमटीत धर, सुई तिरकी, घाई नको. मला दवाखान्यात राहायची वेळ आली तर घरी कुणीतरी हवं. तसं कुणी मोठ्यानं बोललं नाही.

ह्यांनी आज तोंड भिंतीकडं केलं नाही. लेकीचा हात बघत होते.

२० फेब्रु., शुक्र.
स. ७. १८४. एक युनिट, प्रज्ञानं दिलं.

दुपारी एकटीच जाऊन रिपोर्ट आणला. चिकटवलेलं पाकीट. जन्मभर असले कागद उभ्या उभ्या वाचले, समोर नातेवाईक असताना चेहरा हलू न देता. आज रिक्षात पाकीट मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर.

हे गच्चीवर सतरंजीवर पडले होते. मला बघून उठून बसले. "काय म्हणतोय?"
"डॉक्टर सांगतील उद्या."
"डॉक्टर कशाला? तू वाच की. तुला येतं."
मी पाकीट हातात धरून उभी.
"मला नाही कळत त्यातलं," मी म्हटलं.
छत्तीस वर्षांत असं वाक्य माझ्या तोंडून त्यांनी ऐकलं नसेल. माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता हसतील, सिस्टर म्हणतील. ते म्हणाले, "बरं. मग ऱ्हाऊ दे," आणि थोडं सरकून सतरंजीवर मला जागा करून दिली.

पाच वाजेपर्यंत तिथंच बसलो. पाकीट फोडलेलं नाही. उद्या साडेदहाची वेळ मिळालीय.