फुलपाखराची नोट

१९ जानेवारी

चि. ढोल्यास,
ताईचे आशीर्वाद. तुझा फोन लागत नाही, म्हणून बोटीच्या कंपनीच्या पत्त्यावर लिहितेय. देईल कोणीतरी तुझ्या हातात. इकडे थंडी बरी आहे. माझी नोकरी चालू आहे, साहेब तसाच खडूस. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त केला.

बोटीवर नवीन लागलास तेव्हा प्रत्येक बंदरातून आईला तिथली एक नोट पाठवायचास. आई ती शिवणाच्या टेबलावर काचेखाली ठेवायची आणि कपडे शिवायला टाकणाऱ्या बायांना कौतुकाने दाखवायची. मग तुमचं भांडण झालं आणि नोटा थांबल्या. चार वर्षं, ढोल्या! पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की आईचं मशीन थांबायचं. मला ते बघवेना.

म्हणून मीच नोटा आणायला लागले. बाजारात जुन्या नाण्यांचं आणि नोटांचं दुकान आहे, तिथून. "माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आली बघ, तुझ्या लाडक्याची," असं म्हणून द्यायचे. तोंडाने तुझं कौतुक आणि मनातल्या मनात तुला शिव्या.

गेल्या महिन्यात आईने अंथरूण धरलं. या वेळी मी हात सैल सोडला. श्रीलंकेची जुनी कागदी नोट घेतली, फुलपाखराचं चित्र असलेली, कोरी करकरीत. दुकानदार म्हणाला, "अशी आता शोधून सापडणार नाही, ताई." आईने चष्मा मागितला. उलटसुलट करून नोट पाहिली. मग कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "काय गं, हा बोटीवरून किंमत लिहून पाठवतो का?"

पेन्सिलीने बारीक आकडा लिहिला होता. दुकानदार सगळ्याच नोटांवर लिहितो म्हणे, आणि मी मूर्ख, कधी पाहिलंच नव्हतं. "पहिल्या नोटेपासून खोडरबराने खोडतेय मी," आई म्हणाली. "बायकांना दाखवायच्या असतात ना! ही फार महाग आणलीस हं. जरा घासाघीस करायची." आणि हसली. मी ओक्साबोक्शी रडले. तुझ्याकडून काही येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी माझ्यासमोर खूश व्हायची, आणि तरी घंटी वाजली की मशीन थांबवायची.

इतकं लिहिलं, पण ज्यासाठी बसले ते हातून उतरत नाही.

त्याच दुपारी तिने माझ्याकडून वचन घेतलं. "मी गेले तर त्याला कळवू नकोस. तिथे कोण आहे त्याचं? परक्या माणसांत रडत बसेल बिचारा."

बिचारा म्हणे! तू!

मी हो म्हटलं. आजवर तिचा शब्द कधी मोडला नाही. हा मोडतेय. आई आठ तारखेला सकाळी गेली. रड आता, परक्या माणसांत.

नाइलाजाने तुझीच,
ताई