गुरुवारच्या आत जुने टायर

थोरल्या,

तुझ्या आईला शेक घ्यायला टॅक्सीने दवाखान्यात नेतोय. तुझी गाडी दारातच आहे. रागावून गेलो असं समजू नकोस.

तुझे नवे रुंद टायर चांगले आहेत. मी तीस वर्षं ट्रक चालवला, मला पकड कळते. पण त्यांची बाजू बुटकी आणि कडक आहे, त्यामुळे खड्डा थेट सीटपर्यंत येतो. दवाखान्याच्या वाटेवर वळणं दोन आणि खड्डे एकेचाळीस. ऑपरेशननंतर तिच्या मणक्याला एकही सोसत नाही. सोमवारी गाडीत ती तुझ्याशी हसत बोलत होती, आणि घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून होती. "पोराने हौसेने घेतलेत, तोंड उघडलंत तर बघा," असा मला दम दिलाय. म्हणून तोंड न उघडता लिहितोय. म्हातारपणी अक्षरं तिनेच शिकवली, आता भोगू दे.

जुने टायर मी गॅरेजवाल्याकडे ठेवलेत. गुरुवारी परत जायचंय, त्याआधी बसवून घे. आईने विचारलं तर नव्यांचा आवाज फार येतो म्हणून सांग. माझं खोटं ती लगेच पकडते. तुझं मात्र कळूनही खरं मानते.

बाबा